कॅसेटचं शेपूट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत जुन्या कॅसेटांवर एक पान होतं. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, दोनदा वाचलं. पण त्यात व्हिडिओ कॅसेटचा फोटो टाकून खाली लिहिलंय की पेन्सिल घालून रिवाइंड करायचे ते दिवस वगैरे. अहो पेन्सिल ऑडिओ कॅसेटला! व्हिडिओच्या चाकात पेन्सिल घातली तर ती आत नुसती खुळखुळते. तिथे बोट घालावं लागतं, आणि नुसतं बोट घालून पण चाक फिरत नाही कारण आत ब्रेक असतो, कॅसेट उलटी केली की मध्ये एक बारीक भोक दिसतं त्यात पेनाची रिफिल खुपसून धरायची, मग चाक सुटतं. हे मी पाच वर्षं रोज केलंय म्हणून राहवलं नाही. एवढी एक चूक सांगायला पत्र लिहायला घेतलं आणि ते लांबत गेलं. जागा नसेल तर कुठूनही कापा, फक्त शेवट कापू नका, शेवटी माझं एक काम आहे.

मामाची व्हिडिओ लायब्ररी चिपळूणला एसटी स्टँडच्या मागच्या अंगाला होती, आठ बाय दहाचा गाळा. १९८५ ला सुरू केली. त्याआधी त्याच गाळ्यात तो सायकली भाड्याने द्यायचा, तासाला आठ आणे, म्हणजे धंदा तोच, सायकलच्या जागी कॅसेट आली इतकंच. मी १९८६ च्या मे महिन्यात दहावीची परीक्षा देऊन तिथे बसायला लागलो ते लोट्याच्या एमआयडीसीत नोकरी लागेपर्यंत बसलो.

आता सगळे लिहितात की व्हिडिओ आला एशियाडमुळे. १९८२ ला दिल्लीत एशियाड झालं, रंगीत टीव्ही आला, बाहेरून टीव्ही-व्हीसीआर आणायचे नियम सैल झाले, सगळं बरोबर आहे. पण आमच्याकडे व्हीसीआर दिल्लीवरून नाही आला, गल्फवरून आला. कालुस्ता, मिरजोळी, गोवळकोट या बाजूची कितीतरी माणसं कुवेतला नाहीतर दुबईला, ती सुट्टीवर येताना नॅशनल पॅनासोनिकचा टू-इन-वन आणायची आणि पुढे पुढे व्हीसीआर. मामाचे पहिले दोन्ही व्हीसीआर असेच कुवेतवरून आलेले, एक अकाई आणि एक नॅशनल, आणि पहिल्या चाळीस कॅसेटी पण त्याच पेटाऱ्यातून आल्या. त्या कॅसेटींवर सिनेमा चालू असताना खालून अरबी अक्षरांची जाहिरात सरकत जायची, हिरॉइन रडतेय आणि तिच्या हनुवटीवरून कुठल्यातरी दुकानाचा फोन नंबर चाललाय. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. उलट जाहिरात सरकली की लोक म्हणायचे दुबई प्रिंट आहे, चांगली असणार.

दुकान न म्हणता लायब्ररी का म्हणायचे याचा कधी विचार केलाय का? मुंबईची शेमारू १९६२ ला सुरू झाली ती पुस्तकं भाड्याने द्यायची लायब्ररी म्हणून, आणि १९७९ ला त्यांनी व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायला सुरुवात केली. मला वाटतं सगळीकडे तेच झालं असणार, पुस्तकांच्या लायब्ररीची पद्धत उचलली. मेंबर नंबर, डिपॉझिट, लाल रेघेची लांब वही, उशीर झाला की दंड, सगळं वाचनालयाचंच. मामाच्या वहीत हिंदी कॅसेटला हि, मराठीला म आणि इंग्रजीला इं, पुढे नंबर. सिनेमाचं नाव वहीत नसायचंच, त्याला एक वेगळी डायरी होती ती गिऱ्हाईकाने चाळायची आणि नंबर सांगायचा. माझ्याकडे ती वही अजून आहे, दोन वह्या, तिसरी वाळवीने खाल्ली.

आणि वहीच्या मागच्या खिशात चिठ्ठ्या आहेत. हे आता कुणाला आठवत नाही, पण लायब्ररीत बायका फार कमी यायच्या. स्टँडच्या मागे पानटपरीजवळ चारपाच पोरं उभी असायची, कोण येणार तिथे. त्या पोरांच्या हातून चिठ्ठी पाठवायच्या. वाण्याला पाठवतात तशीच, चहा पावडर पाव किलो आणि खाली एक कॅसेट. एका चिठ्ठीवर लिहिलंय, "सासूबाई आल्यात, मारामारी नको, देवाचा असला तर द्या नाहीतर जुना द्या." दुसरी एक आहे, "कालची अर्ध्यावर बंद पडली, अर्धेच पैसे देणार." एका वहिनींची फक्त "रडका" एवढाच शब्द आणि खाली सही. मामा अशा चिठ्ठ्या वाचून स्वतः कॅसेट निवडायचा, घरात कोण पाहुणे आहेत, परीक्षा चालू आहे का, नवरा मुंबईहून आलाय का हे सगळं त्याला माहीत असायचं, आणि निवड चुकली तर दुसऱ्या दिवशी पोराबरोबर शिव्या यायच्या. आता मोबाईल मला सांगतो की तुम्हाला हे आवडेल, आणि मी मागे चुकून एक बघितलेलं असतं तसलेच वीस दाखवतो. मामा असं करत नव्हता, मामाला सासूबाई माहीत होत्या.

पेठमापच्या एक बाई, मेंबर नंबर ८१, त्यांनी एकच कॅसेट अकरा वेळा नेली आहे. वहीत मोजलं मी. अकराव्या वेळी मामाने पैसे घेतलेले नाहीत, रकमेच्या जागी फुली आहे.

व्हीसीआर भाड्याने द्यायचा तो वेगळाच कारभार. रात्री नऊला न्यायचा, सकाळी नऊला आणायचा, दीडशे रुपये आणि त्यात तीन कॅसेट, टीव्ही पण पाहिजे असेल तर वर पन्नास. वाडीतली दहा-बारा घरं वर्गणी काढायची. कोजागिरीला आणि गणपतीत तर आठ आठ दिवस आधी नंबर. चाकरमानी आले की पडवीत नाही अंगणात टीव्ही मांडायचा, वर ताडपत्री, कारण गणपतीत पाऊस हा असतोच. व्हीसीआर गोधडीत गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधून मी घेऊन जायचो, वायरी लावून चॅनल पकडून द्यायचो आणि तिथेच झोपायचो, कारण मशीन मामाचं लेकरापेक्षा जास्त होतं. तीन सिनेमे लागोपाठ. पहिल्याला अंगण भरलेलं, दुसऱ्याला पोरं झोपलेली, तिसरा बघायला मी, दोन म्हातारे आणि एक कुत्रा. मध्ये लाईट गेली की कॅसेट आत अडकलेली आणि सगळं वऱ्हाड अंधारात भजन म्हणत बसायचं, लाईट आली की भजन तिथल्या तिथे तोडून सिनेमा सुरू. देवाने कधी मनावर घेतलं नाही.

चित्रावर पांढरे पट्टे आले की आधी ट्रॅकिंगचं बटण फिरवायचं, त्याने गेलं नाही तर हेड, म्हणजे टेप वाचणारा आतला भाग, चोकअप. झाकण उघडायचं आणि नवी कोरी नोट घेऊन हेडवर हलक्या हाताने टेकवायची. लोकांना हे खोटं वाटतं. कंपनीचं क्लीनर मिळायचं पण नोट खिशात असायची ना, आणि कोरी नोट असते पण तशीच, थोडी खरबरीत, फाटत नाही. जोरात दाबलं तर हेड गेलं, आणि नवीन हेड म्हणजे मुंबईला लॅमिंग्टन रोडला माणूस पाठवायचा आणि महिन्याची कमाई तिथे द्यायची. टेप चुरगळली तर पाच स्क्रू काढून कॅसेट उघडायची, खराब वीतभर कापायची आणि मागच्या बाजूने सेलोटेपची चिंचोळी पट्टी लावून जोडायची. सिनेमात माणूस दारात उभा असायचा आणि एकदम पलंगावर मेलेला, मधलं मी कापलेलं.

आठवणी काढताना सगळं गोडच लिहितात म्हणून हेही लिहितो, आमच्याकडच्या बहुतेक कॅसेटी चोरीच्या होत्या. म्हणजे चोरून कॉपी केलेल्या. सिनेमा शुक्रवारी लागायचा आणि सोमवारच्या लक्झरीने ड्रायव्हरच्या सीटखालून कॅसेट चिपळुणात. १९८४ ला कायदा कडक झाला होता, कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, दंड पन्नास हजारापासून दोन लाखांपर्यंत, शिवाय कॅसेटवर हक्कवाल्याचं नाव-पत्ता आणि सेन्सॉर सर्टिफिकेट पाहिजे असं. हे सगळं मामाला तोंडपाठ होतं, आणि पोलीस येणार अशी कुणकुण लागली की नव्या कॅसेटी मामीच्या तांदळाच्या कणगीत जायच्या. कणगीतली कॅसेट नंतर लावली की तिच्यातून एक बारीक तूस उडायचं आणि हेड हमखास चोक. थिएटरवाले आमच्या नावाने बोटं मोडायचे ते काही चुकीचं नव्हतं. आणि काउंटरच्या खाली एक पेटी असायची, तिच्यातल्या कॅसेटींना नंबर नव्हते, त्याबद्दल मी तेव्हा पण काही विचारलं नाही आणि आता पण लिहीत नाही.

पुढचं सगळ्यांना माहितीच आहे. केबल आली, मग सीडी आल्या, मामाने कॅसेटी गोणत्यात भरून माळ्यावर टाकल्या आणि सीडी ठेवायला लागला, आणि २००७ ला मोझर बेअरने सिनेमाची सीडी अठ्ठावीस रुपयाला आणि डीव्हीडी चौतीसला विकायला काढली तेव्हा वीस रुपये भाडं कोण देणार. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात.

कॅसेटी गोळा करायला मी लागलो ते खरं तर आवड म्हणून नाही. मामा गेल्यावर मामीने माळा रिकामा करायला काढला, भंगारवाला गोणत्याचे साठ रुपये देत होता, मी शंभर देतो म्हणालो आणि घरी आणल्या. बायको जे बोलली ते पेपरात छापता येणार नाही. मग एक व्हीसीआर दुरुस्त करून घेतला आणि एकेक लावून बघायला लागलो. सिनेमे तर आता सगळे मोबाईलवर आहेत, ह्याच्यापेक्षा शंभर पट स्वच्छ. ते बघायला व्हीसीआर कशाला पाहिजे? पण एक दिवस एक इंग्रजी मारामारीचा सिनेमा लावून मी जेवायला बसलो, सिनेमा संपला, पडद्यावर मुंग्या आल्या, उठून बंद करायचा कंटाळा केला, आणि पाचेक मिनिटांनी मुंग्यांतून एकदम दूरदर्शनचे प्रदीप भिडे आले आणि बातम्या वाचायला लागले.

मी घास हातात धरून बसलो.

झालं होतं असं. एका कॅसेटमध्ये १८० मिनिटं मावतात, टेप अडीचशे मीटरच्या वर असते. हिंदी सिनेमा अडीच-पावणेतीन तासांचा, तो कॅसेट जवळजवळ भरून टाकतो, आणि तीन तासांच्या वर गेला तर कॉपी करणारा एखाद-दोन गाणी उडवून बसवायचा. इंग्रजी सिनेमा दीड-पावणेदोन तासांचा, म्हणजे मागे सव्वा तासाची टेप उरते. कोरी कॅसेट तेव्हा महाग, त्यामुळे तीच तीच परत परत वापरायची. कुणीतरी आधी तिच्यावर टीव्हीवरचं काहीतरी भरलेलं असायचं, नाहीतर घरातलं लग्न, मग त्याच्यावरच सिनेमा भरला, सिनेमा संपला तिथे थांबवलं. त्याच्या पुढचं जुनं तसंच राहिलं. ते कुणी बघितलंच नाही कारण मुंग्या आल्या की माणूस स्टॉप दाबून रिवाइंड करतो, न रिवाइंड करता परत दिली तर मामा दोन रुपये दंड लावायचा. ह्या उरलेल्या भागाला मी शेपूट म्हणतो.

तेव्हापासून मी शेपटं गोळा करतो. जुन्या कॅसेटींचा नाद असलेली पोरं मला मुंबईत भेटली आहेत, त्यांना कव्हर चांगलं पाहिजे, भुताचे सिनेमे पाहिजेत, चांगला भाव देतात. अमेरिकेत येल विद्यापीठाने सुद्धा २०१५ ला अशा भुताखेतांच्या सिनेमांच्या २,७०० च्या आसपास कॅसेटी आपल्या ग्रंथालयात घेतल्या, ते चांगलंच केलं. पण माझं उलटं आहे, मला सिनेमा कुठला आहे याच्याशी कर्तव्य नाही. भंगारात बसलो की मी आधी इंग्रजी बघतो कारण शेपूट लांब. मग कॅसेटच्या पाठीवरची खाच बघतो. तिथे एक प्लास्टिकची टिकली असते, ती तोडली की त्या कॅसेटवर परत रेकॉर्डिंग होत नाही. टिकली तोडलेली आणि त्यावर सेलोटेप लावलेली दिसली की समजायचं, कुणीतरी ही एकदा जपून ठेवायची म्हणून बंद केली होती आणि नंतर त्याचा, नाहीतर त्याच्या घरातल्यांचा, विचार बदलला. अशी कॅसेट मी कधी सोडत नाही.

काय काय निघतं म्हणून सांगू. मामाचा एक दोस्त डोंबिवलीला होता, तो टीव्हीवरून भरून एसटीच्या पार्सलने कॅसेटी पाठवायचा, त्याच्या शेपटात मुंबई दूरदर्शन आहे. पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम सांगायच्या त्या साप्ताहिकीतला निम्मा आठवडा. "आमची माती आमची माणसं" मध्ये एक शेतकरी भातावरच्या करप्याबद्दल बोलतोय, कॅमेऱ्याकडे न बघता बांधाकडे बघून, आणि मुलाखत घेणारा माणूस त्याला मध्येच थांबवतो तर तो थांबतच नाही. व्यत्ययची पाटी चार मिनिटं, आणि त्या चार मिनिटांत पाटीच्या मागे डोंबिवलीच्या घरातलं कुणीच बोलत नाहीये कारण टीव्हीवरून थेट भरलेलं असलं की घरातला आवाज येत नाही, तरी मी चारही मिनिटं ऐकत बसतो. एका व्हिडिओ कोचमधून आलेली कॅसेट आहे, मुंबई-गोवा रातराणीवाली, तिच्यावर तर थरावर थर आहेत, सिनेमा, त्याच्यामागे दुसऱ्या सिनेमाची मारामारी, त्याच्यामागे कुणाच्यातरी दुकानाचं उद्घाटन.

आणि एक आहे जाखडीची. खेर्डीच्या पुढच्या एका गावातली शक्ती-तुऱ्याची बारी, म्हणजे शक्तीवाले आणि तुरेवाले यांचा नाचगाण्यातला सवाल-जबाबाचा सामना, कुणीतरी कॅमेरा भाड्याने आणून घेतलेली, सिनेमाच्या मागे एकोणीस मिनिटं उरलेली. मधे गाणारे बसलेत, मृदुंग, झांज, भोवती पोरं एका पायात चाळ बांधून गोल फिरतायत, आणि शाहीर तुरेवाल्यांना सवाल टाकतोय, आवाज असा की टीव्हीचा स्पीकर थरथरतो. मी ते माझ्या कामावरच्या एका पोराला मोबाईलवर दाखवलं तर तो म्हणाला हे आमच्या वाडीचे. त्याने पुढे पाठवलं आणि तिसऱ्या दिवशी एक बाई आणि त्यांचा मुलगा घरी आले. शाहीर म्हणजे बाईंचे वडील. त्यांच्याकडे त्यांचा एकच फोटो होता, रेशनकार्डासाठी काढलेला. आवाज कुणाकडेच नव्हता. मी कॅसेट लावून दिली आणि चहा टाकायला आत गेलो, मला तिथे बसवलं नाही. बाहेर आलो तर बाई रडत वगैरे नव्हत्या, त्या सवालाला जबाब म्हणत होत्या, वडिलांच्या आवाजावर, आणि मुलगा तोंड उघडं टाकून आईकडे बघत होता. त्याला माहीतच नव्हतं आईला येतं.

म्हणून मला कॅसेटींवरचे हे लेख वाचले की थोडं टोचतं. सगळ्यांना कव्हर आठवतं, वास आठवतो, पेन्सिल आठवते. आणि त्याच घरातला माळा साफ करताना त्याच कॅसेटी कचऱ्याच्या गाडीत जातात कारण वर सिनेमाचं नाव लिहिलंय आणि तो सिनेमा यूट्यूबवर आहे.

बरं फेकल्या नाहीत आणि कन्व्हर्ट करायला दिल्या तरी धड होईलच असं नाही. मी एकदा शहाणपणा करून बारा कॅसेटी एका मोठ्या शहरातल्या स्टुडिओत दिल्या होत्या, कॅसेटला तीनशे रुपये. नाव लिहीत नाही, त्यांनी काही मुद्दाम केलं नाही. पेन ड्राइव्ह आला तो उघडून बघतो तर बारा स्वच्छ सिनेमे! शेपटं नाहीत. फोन केला तर म्हणाले, "सर पुढे ब्लँक होतं, आम्ही ट्रिम केलं, ऑटोमॅटिक होतं ते." आणि मूळ कॅसेटी? "त्या तर तुम्ही डिस्पोज करा असं फॉर्मवर टिक केलंय." केलं असेल मी, इंग्रजीत बारीक छापलेलं होतं. त्या बारांतली एक खाचेवर सेलोटेपवाली होती.

बाकीचं नुकसान पुराने केलं, आणि थोडं मी. २००५ च्या पुरात कॅसेटी मामाच्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. २०२१ ला २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी आलं तेव्हा त्या माझ्याकडे खालच्या खोलीत रॅकवर नीट लावलेल्या, नंबराप्रमाणे. सहाशेच्या वर होत्या. रात्री पाणी यायला लागलं तेव्हा आईला वर न्यायचं की कॅसेटी, त्या रात्री जे सगळ्यांनी केलं तेच मी केलं. चिखल उपसायला चार दिवस लागले आणि मग मी मोठ्या हौसेने सगळ्या कॅसेटी गच्चीवर उन्हात टाकल्या. हीच चूक. चिखल टेपच्या वेटोळ्यांत तसाच वाळला आणि टेप एकमेकांना चिकटून लाकडासारखी झाली. नंतर एका जाणकाराने सांगितलं की भिजलेली टेप चिखलासकट सुकवायचीच नाही, स्वच्छ गार पाण्यात ठेवायची, उघडून डिस्टिल्ड वॉटरने धुवायची आणि सावलीत पंख्याखाली वाळवायची. हे कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितोय, पूर काय आमच्याकडे परत येणारच आहे. माझ्या त्यातल्या एकशे सत्तर वाचल्या.

बिनपुराच्या गावात पण फार वेळ आहे असं समजू नका. कोकणातल्या हवेत टेपच्या कडेला पांढरी बुरशी येते, पीठ भुरभुरल्यासारखी, तशी कॅसेट लावली की ती तर जातेच आणि हेडला लागून पुढची पण खराब करते. टेपवरचा लेप सुटतो. मशीनं तर मिळतच नाहीत, फुनाई ही जपानी कंपनी शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत होती, तिने पण २०१६ च्या जुलैत बंद केलं. युनेस्कोने २०१९ ला जगभर सगळ्यांना विचारून सांगितलं होतं की टेपवरचं जे काही आहे ते २०२५ च्या आत उतरवून घ्या, नंतर चालवायला मशीन आणि माणूस दोन्ही मिळणं कठीण. पुण्याला १९६४ पासून फिल्म अर्काइव्ह आहे, पण ते सिनेमे सांभाळायला, माझ्या शेपटांना तिथे कोण विचारतो, आणि विचारावं असं माझं म्हणणं पण नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की तालुक्याच्या गावच्या वाचनालयाने हे करावं. सगळा कारभार तिथूनच उचललेला होता ना, मग जाऊ दे परत तिकडेच. आमच्या चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं आहे, दोन्ही पुरांत त्यांची पुस्तकं गेली आणि दोन्ही वेळा त्यांनी परत उभं केलं, चिखलातनं वस्तू वाचवायचा अनुभव त्यांच्याएवढा कुणाला असणार. एक चालू व्हीसीआर, एक जुना कम्प्युटर आणि मध्ये लावायची ती व्हीसीआरचं चित्र कम्प्युटरमध्ये उतरवणारी डबी, हजार-दीड हजारात येते. माणूस मी देतो, म्हणजे मीच, रिटायर झालोय. लोकांनी घरातली कॅसेट आणायची, तिथे बसून पूर्ण तीन तास चालवायची, मुंग्यांसकट, कुठेही ट्रिम न करता. अनुदान वेळेवर येत नाही हे मला माहितीय म्हणून पैसे मागत नाही, एक टेबल आणि एक प्लग मागतोय. तुमच्या पेपरातून हे चार वाचनालयवाल्यांनी वाचलं तर बरं होईल.

आता माझं काम, जे कापू नका म्हणालो ते.

मागच्या वर्षी खेडच्या एका भंगारवाल्याकडे कॅसेट मिळाली, खाचेवर सेलोटेप, वर इंग्रजी सिनेमाचं नाव बॉलपेनने. सिनेमा संपला की दोन मिनिटं मुंग्या आणि मग सहा मिनिटं एक बारसं. खालची जमीन शेणाने सारवलेली नाही, लाल कोबा आहे, भिंतीवर १९९१ चं कालनिर्णय आणि त्याच्या बाजूला होडीचं एक चित्र. लाकडी पाळण्याला झेंडूची माळ. पाळण्यापाशी हिरव्या साडीतली बाळाची आई, तिच्या डाव्या भुवईवर कापल्याची खूण आहे. गोविंद घ्या गोपाळ घ्या होऊन गेलेलं दिसतंय, कारण सिनेमाने जिथपर्यंत पुसलंय त्याच्या बरोबर पुढे आत्या बाळाच्या कानापासून तोंड उचलतेय आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतायत, सगळ्या हसतायत. म्हणजे नाव नुकतंच सांगून झालंय. मग पाळणा म्हणतात, तो पण शेवटच्या कडव्यापासून, त्यात नाव नाही. एक म्हातारी घुगऱ्या वाटते. कॅमेरावाल्याला कुणीतरी म्हणतं, "मेल्या, तू पण खा की." आणि टेप संपते.

ते बाळ आता चौतीस-पस्तीसचं असेल. ह्या खुणा कुणाला ओळखीच्या वाटल्या तर पेपरच्या पत्त्यावर कळवा, कॅसेट आणि पेन ड्राइव्ह दोन्ही पोचते करतो, पैसे नकोत. फक्त नाव काय ठेवलं होतं तेवढं मला सांगा.

आपला,
एक जुना वाचक, चिपळूण